एकाच ताटाला दोन सूचना : घरातील खाण्याविषयीच्या बोलण्याचा एक प्रकरण अभ्यास

पुढे मांडलेले प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. किशोरवयीन मुलांच्या समुपदेशनात वारंवार समोर येणारे धागे एकत्र करून ते अभ्यासासाठी रचले आहे, म्हणून त्यातल्या कोणालाही नाव दिलेले नाही. मुलगी, आई, वडील, आजी आणि धाकटा भाऊ एवढीच माणसे त्यात आहेत. संशोधनाचे जे संदर्भ ओघात येतात, ते मात्र प्रत्यक्षातले आहेत.

तक्रार

मुलगी १६ वर्षांची. तिला आईने आणले होते आणि आईची तक्रार एका वाक्यात मावणारी होती : "आमच्यासमोर ही दोन घास खाऊन उठते आणि मागाहून डबे रिकामे सापडतात." वाढते वजन, अभ्यासातून उडालेले लक्ष, चिडचिड या गोष्टी पुढे ओघाने आल्याच, पण आईला खरे बोचत होते ते लपवणे. कपाटात घड्या घातलेल्या कपड्यांखाली बिस्किटांच्या पुड्यांचे रिकामे कागद सापडले, तेव्हा मुलीने काय खाल्ले यापेक्षा तिने आपल्याला फसवले याचे दुःख जास्त झाले, असे तिने मोकळेपणाने सांगितले. मुलीजवळ इच्छाशक्ती नाही, ती कशी आणायची ते सांगा, एवढीच तिची अपेक्षा होती.

मुलीशी एकटीशी बोलल्यावर दिनक्रम उलगडला. सकाळी उशीर झाल्याचे कारण सांगून ती न्याहारी टाळत असे. शाळेतला डबा अर्ध्याहून अधिक मैत्रिणींत वाटला जाई. दुपारी घरी परतल्यावर आई-वडील येईपर्यंतचा जो काळ मिळे, त्यात आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, ती हाताला लागेल ते खात सुटे, आणि हे सुमारे चार महिन्यांपासून चालू होते. "तेव्हा मी खात नसते, नुसती भरत असते," हे तिचे शब्द. त्यानंतर लाज, त्यानंतर उद्यापासून काही खायचे नाही असा निश्चय, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा न्याहारी टाळणे. उलटी काढणे किंवा जुलाबाची औषधे घेणे हे प्रकार नव्हते. न्हाणीघरातल्या आरशावर ती टॉवेल टाकून ठेवत असे आणि गटाच्या छायाचित्रात नेहमी कोणाच्या तरी मागे उभी राहत असे.

रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र असत. तिथे ती इतके कमी का खाते, असे विचारल्यावर तिने जे उत्तर दिले त्यावर पुढची सगळी मांडणी उभी राहिली : "मी आईच्या डोळ्यांकडे बघून घास घेते. ती माझ्या ताटाकडे बघायला लागली की थांबते. बाबांनी बघितलं की परत घेते."

तपासणी

नाडी, रक्तदाब, रक्तातील क्षारांचे प्रमाण, थायरॉईड आणि मासिक पाळीची नियमितता हे सर्व डॉक्टरांकडून आधी तपासून घेतले. त्यात काळजीचे काही आढळले नाही. खाण्याच्या विकाराची चाहूल घेण्यासाठी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली पाच प्रश्नांची 'स्कॉफ' ही छोटी प्रश्नावली वापरली. तिच्यात दोन किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आली तर सखोल चौकशी करावी असा संकेत आहे. मुलीने दोन प्रश्नांना होकार दिला : खाण्यावरचा ताबा सुटल्याची भीती वाटते, आणि खाण्याच्या विचाराने आयुष्य व्यापले आहे.

निदानाचा प्रश्न वाटला तितका सरळ नव्हता. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या वर्गीकरणात अतिभक्षण विकाराला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. त्यासाठी आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने, ताबा सुटून इतरांच्या तुलनेत निश्चितपणे जास्त खाणे घडावे लागते. या मुलीचा कालावधी त्यात बसत होता, पण प्रमाण दर वेळी बसत नव्हते. तिच्या लेखी जे 'भयंकर खाणे' होते, ते कित्येकदा सकाळपासून उपाशी असलेल्या कोणाही मुलीने खाल्ले असते तेवढेच होते. ताबा सुटल्याची भावना मात्र खरी होती. त्यामुळे निकष पूर्ण न भरणारा, तरीही उपचारांची गरज असलेला आहारविकार अशी नोंद केली. निकषात बसत नाही म्हणून सोडून द्यावे, असे हे प्रकरण नव्हते.

शाळेच्या आरोग्य तपासणीतील जुन्या नोंदींनी आणखी एक गोष्ट दाखवली. सातव्या वर्षापासून मुलीचे वजन आणि उंची वाढीच्या तक्त्यावर साधारण एकाच रेषेने पुढे सरकत आली होती. आईला 'अचानक सुटली' असे जे वाटले होते ते अकराव्या-बाराव्या वर्षी, म्हणजे वयात येण्याच्या ऐन काळात. प्रौढपणीच्या वजनातील सुमारे निम्मे वजन पौगंडावस्थेत वाढते आणि मुलींच्या शरीरात या काळात चरबीचे प्रमाण वाढणे हा वाढीचाच भाग आहे. घरात वजनाची चर्चा सुरू झाली ती नेमकी याच वर्षी.

जेवणाच्या टेबलाभोवतीची माणसे

या घरात कोणी दुष्ट नाही, हे आधीच सांगितलेले बरे. उलट चौघांचे या मुलीवर प्रेम आहे आणि प्रत्येकाने ते खाण्याच्या भाषेतच व्यक्त केले आहे.

आजीचे लहानपण टंचाईत गेले. पोटभर वाढणे हीच तिच्या लेखी माया. "माझ्यासाठी एवढं घे" या वाक्याला नाही म्हणणे म्हणजे तिला नाही म्हणणे. तीच आजी चार महिन्यांनी भेटली की दारातच नातीला आपादमस्तक न्याहाळून "चांगलीच भरलीस गं" असेही म्हणे आणि लगेच वाढायला बसवी. वडिलांना अन्न वाया गेलेले सहन होत नाही. ताट स्वच्छ झाल्याखेरीज उठायचे नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम त्यांनी जसाच्या तसा पुढे चालवला होता.

आईची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. तिच्या स्वतःच्या आईने तिला लग्नापर्यंत वजनावरून बोलून बोलून घायाळ केले होते. त्यामुळे आपल्या मुलीला 'जाड' हा शब्द कधीही ऐकवायचा नाही, असा तिने निश्चय केला आणि तो अक्षरशः पाळला. याचा तिला अभिमान होता आणि तो रास्त होता. परंतु मुलगी पाच वर्षांची असल्यापासून तिने आईला कधी नीट बसून, पूर्ण ताट घेऊन जेवताना पाहिलेले नव्हते. आई उभ्याने खाई, सगळ्यांचे झाल्यावर खाई, वेगळे आणि मोजके खाई. एखाद्या दिवशी जास्त खाल्ले की "आज मी मोकाट सुटले, उद्या दिवसभर काही नको" असे म्हणे. गोड खाल्ले की "हे सरळ कंबरेवर जाऊन बसणार" असे म्हणे. शिवाय परीक्षेत यश मिळाले की केक, पडल्यावर-रडल्यावर चॉकलेट, हेही तिच्याच हातून येई. इतर वेळी मात्र तो केक आणि ते चॉकलेट वरच्या फळीवर असे.

धाकटा भाऊ १३ वर्षांचा, अंगाने किडकिडीत. त्याला नेमकी उलट सूचना : "खा रे, अंगाला काहीतरी लागू दे." एकाच भांड्यातला, एकच पदार्थ वाढताना आईचा हात मुलाच्या ताटावर आपोआप खाली येई आणि मुलीच्या ताटावर आला की हवेत थबके. सोबत प्रश्न येई, "तुला हवंय का अजून?" त्यातल्या 'अजून'वरचा जोर मुलीने समुपदेशनाच्या खोलीत हुबेहूब करून दाखवला. आईला तो जोर आपण देतो हे ठाऊकच नव्हते.

घरात काय बोलले जाते हे आठवणीवर सोडण्याऐवजी लिहून काढावे, असे ठरले. आठवडाभर प्रत्येकाने वहीत फक्त स्वतःच्या तोंडून निघालेली खाण्याविषयीची आणि शरीराविषयीची वाक्ये लिहायची. दुसऱ्याची लिहायची नाहीत, म्हणजे भांडण नको. वडिलांच्या पानावर तीनच वाक्ये होती आणि तिन्हींचा अर्थ एकच होता. आईचे पान भरले होते, आणि वाचून दाखवताना तिच्या लक्षात आले की त्यातली बहुतेक वाक्ये मुलीबद्दल नव्हतीच, ती तिच्या स्वतःच्या शरीराबद्दल होती. भावाने एकच ओळ लिहिली : 'मला भूक नाही.' मुलीने नियम मोडला होता. तिच्या पानावर तिचे स्वतःचे एकही वाक्य नव्हते. ऐकलेली सगळी होती, प्रत्येकापुढे कोण बोलले ते आणि वेळही. त्या नोंदींत एका रात्रीचे वडिलांचे "संपव बरं ते" आणि आईचे "राहू दे, पुरे आता" ही दोन वाक्ये एकाखाली एक होती. दोन्ही एकाच ताटाला उद्देशून, मधे फार तर पाच मिनिटे.

मांडणी

अशा प्रकरणात एखादा क्रूर शेरा शोधण्याकडे कल असतो. 'तेव्हा अमुक जण असे म्हणाले आणि तिथून सुरू झाले' असे म्हटले की सगळ्यांना हायसे वाटते, कारण दोष एका क्षणावर आणि एका माणसावर टाकता येतो. या घरात तसा शेरा सापडला नाही, आणि माझ्या मते तो शोधत बसणे हीच दिशाभूल ठरली असती. येथे नुकसान केले ते परस्परविरोधी सूचनांच्या रोजच्या वर्षावाने. खा आणि खाऊ नकोस, संपव आणि थांब, हे बक्षीस आहे आणि हे पाप आहे. या सूचना एकमेकींच्या विरुद्ध असल्या तरी त्यांच्यात एक गोष्ट समान होती : किती खायचे हे मुलीच्या पोटाने ठरवायचे नाही, हे प्रत्येकीने गृहीत धरले होते. म्हणून ती भुकेकडे बघण्याऐवजी माणसांच्या चेहऱ्यांकडे बघून खाऊ लागली. आणि चेहरे नसले की थांबण्याची खूणही नसे. दुपारचे रिकामे घर ही तिच्यासाठी कोणाचीही सूचना नसलेली एकमेव जागा होती.

भूक आणि तृप्ती ओळखण्याची क्षमता लहान मुलांत असते आणि ती बाहेरून बिघडवता येते, हे लिअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरेच आधी दाखवले आहे. १९८७ मधील त्यांच्या एका प्रयोगात शाळापूर्व वयाच्या मुलांच्या एका गटाला पोट भरल्याच्या जाणिवेकडे लक्ष द्यायला शिकवले, तर दुसऱ्या गटाचे लक्ष ताटात किती उरले आहे याकडे आणि खाल्ल्याबद्दलच्या बक्षिसाकडे वळवले. आधी दिलेल्या खाण्यात उष्मांक जास्त होते की कमी, यानुसार पहिल्या गटाने नंतरचे खाणे कमी-जास्त केले. दुसऱ्या गटात तो फरक दिसला नाही. 'ताट स्वच्छ कर' या नियमामागची भावना कितीही चांगली असली, तरी मुलाला तो ताटाकडे बघायला शिकवतो.

वरच्या फळीवरच्या केकबाबतही असेच. जेनिफर फिशर आणि बर्च यांच्या १९९९ मधील प्रयोगांत एखादा आवडता पदार्थ डोळ्यांसमोर ठेवून त्यावर बंदी घातली, की मुले त्याच्याबद्दल अधिक बोलू लागली, तो अधिक मागू लागली, मिळवण्याची धडपड करू लागली. २००३ मध्ये याच गटाने मुलींचा पाचव्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंत मागोवा घेतलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पाचव्या वर्षी ज्यांच्या आया खाण्यावर अधिक निर्बंध घालत होत्या, त्या मुली नवव्या वर्षी भूक नसताना अधिक खाताना आढळल्या. आईने फळीची उंची वाढवली तसे बिस्किटांचे मोलही वाढत गेले, असे या प्रकरणापुरते म्हणता येईल.

आता इच्छाशक्तीचा मुद्दा. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि नंतर हवे तितके आइस्क्रीम खायला सांगितले. ज्या एरवी खाण्यावर लक्ष ठेवून नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या सतत खाण्यावर ताबा ठेवून असत, त्यांनी उलट जास्त खाल्ले. एकदा नियम मोडलाच आहे, तर मग आजचा दिवस गेलाच, असा हा हिशेब. मुलीच्या दुपारी याच हिशेबाने जात होत्या आणि आईचे 'आज मी मोकाट सुटले, उद्या काही नको' हे त्याच हिशेबाचे दुसरे टोक होते. मुलीने ते आईकडून शब्दशः उचलले होते. त्यात सकाळपासूनच्या उपासमारीची भर. अन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी, स्वेच्छेने आलेल्या पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्या काळात त्यांच्या डोक्यात खाण्याखेरीज फारसे काही उरले नाही. काहींनी पाककृतींची पुस्तके जमवली, आणि पुन्हा मुबलक अन्न मिळू लागल्यावर अनेकांना आपले पोट भरले आहे हे बराच काळ कळेना. ते सगळे निवडून घेतलेले, मनाने खंबीर तरुण होते. ज्या मुलीने सकाळपासून काही खाल्लेले नाही तिच्याकडून दुपारी चार वाजता इच्छाशक्तीची अपेक्षा करणे हे शरीरशास्त्राला धरून नाही, हे आईला याच उदाहरणाने पटले.

शरीराविषयीचे बोलणे आणि आहाराविषयीचे बोलणे यांत फरक करायला हवा. किशोरवयीनांच्या आहाराविषयी मिनेसोटातच झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत जेरिका बर्ज आणि सहकाऱ्यांना असे आढळले की आई-वडील ज्या मुलांशी वजनाबद्दल बोलत, त्या मुलांत डाएट करण्याचे आणि वजन कमी करण्याच्या घातक मार्गांचे प्रमाण अधिक होते. बोलणे केवळ आरोग्यदायी आहाराबद्दल असेल, तर वजन जास्त असलेल्या मुलांतही हे प्रमाण कमी होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे, कारण अशी यादी वाचून आई-वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा मोह होतो. वरच्या अभ्यासांपैकी पाहण्यांतून दिसतो तो केवळ संबंध. कारण आणि परिणाम यांची दिशा त्यातून सिद्ध होत नाही. भुकेचा जोर, तृप्तीची गती या गोष्टींत जन्मजात फरक असतात, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून चांगले सिद्ध झाले आहे. आणि पालक मुलाच्या शरीराकडे आणि भुकेकडे बघूनच आपले वागणे ठरवतात. याच घरात एका अपत्याला 'खा' आणि दुसऱ्याला 'पुरे' असे सांगितले जात होते, ते दोघांची शरीरे वेगळी होती म्हणूनच. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमिकेत कुटुंबाला विकाराचे एकमेव किंवा मुख्य कारण मानणाऱ्या सर्व मांडण्या नाकारल्या आणि उपचारांत कुटुंबाला सामील करून घेण्याचा आग्रह धरला. या प्रकरणातही घर हे कारणांपैकी एक होते, आणि जे बदलता येण्यासारखे होते त्यात सर्वांत हाताशी असलेलेही घरच होते.

काय केले

सुरुवात मुलीच्या वेळापत्रकापासून केली. ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या विचार-वर्तन उपचारपद्धतीत नियमित खाणे हा पाया मानला जातो : तीन जेवणे, दोन किंवा तीन मधली खाणी, आणि दोन खाण्यांत साधारण चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. काय खायचे यावर सुरुवातीला बोलायचेही नाही. मुलीला वाटले, आपले वजन भराभर वाढेल; आईलाही तेच वाटले, फक्त तिने ते बोलून दाखवले नाही. न्याहारी हा सर्वांत अवघड टप्पा होता, कारण आदल्या दिवशीच्या खाण्याची शिक्षा म्हणून उपाशी राहण्याचा तिचा हक्कच काढून घेतल्यासारखे तिला वाटत होते.

घरासाठी एलिन सॅटर यांनी मांडलेली जबाबदारीची विभागणी आधाराला घेतली. काय, केव्हा आणि कुठे द्यायचे हे पालकांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. कागदावर हे सोपे दिसते. वडिलांना ते अन्नाची नासाडी करण्याचा परवाना वाटले आणि त्यांचा आक्षेप अवाजवी नव्हता. त्यावर तोडगा निघाला तो असा की प्रत्येकाने स्वतः वाढून घ्यायचे, पहिल्यांदा थोडेच घ्यायचे, आणि उरलेले झाकून फ्रिजमध्ये ठेवायचे. अन्न वाया जात नाही हे दिसल्यावर वडिलांचा विरोध मावळला, आणि वाढण्याचा डाव आईच्या हातून सुटला हा दुसरा, न मागितलेला फायदा झाला. हवेत थबकणारा हात त्यामुळे आपोआप गेला. त्यासाठी वेगळे बोलावे लागले नाही.

आईसाठीचा नियम कठीण होता : टेबलावर कोणाच्याही शरीराबद्दल बोलायचे नाही, स्वतःच्या तर नाहीच, आणि सर्वांबरोबर बसून, सर्वांचेच अन्न खायचे. "मग मी बोलू तरी काय?" हा तिचा प्रश्न विनोदी वाटला तरी खरा होता. वीस वर्षे जेवताना ती याच विषयावर बोलत आली होती. पहिल्या काही आठवड्यांत तिने एक पळवाट शोधली, आणि ती बहुतेक सुशिक्षित घरांत सापडते म्हणून नोंदवतो. 'जाड', 'वजन', 'कंबर' हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी 'हेल्दी' आले. पण अमुक पदार्थ हेल्दी नाही हे मुलीलाच सांगितले जाई, मुलाला नाही. मुलीने हे तिसऱ्या कौटुंबिक बैठकीत मांडले. आहाराची गोष्ट खरोखर आरोग्याची असेल तर ती घरातल्या सर्वांना लागू व्हायला हवी, एवढीच कसोटी तेव्हा ठरवली.

बिस्किटांचा डबा फळीवरून खाली आला आणि शाळेतून आल्यानंतरच्या खाण्यात बिस्किटे रोजचीच झाली. पहिले दोन आठवडे ती जास्त खाल्ली गेली. आईने घाबरून फोन केला. हे अपेक्षित आहे, डबा खालीच राहू द्या, असे सांगितले. पुढे डबा संपायला दिवस लागू लागले, आणि एकदा तर बिस्किटे मऊ पडली म्हणून टाकावी लागली, हे वडिलांनी किंचित नाराजीने कळवले.

आजीच्या बाबतीत फारसे काही झाले नाही. वयाच्या या टप्प्यावर तिची मायेची भाषा बदलण्याचा अट्टहास करण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी मुलीने एक वाक्य तयार ठेवले, "पोट भरलंय आजी, आता तू बस, मी तुला वाढते", आणि ते बैठकीत मोठ्याने म्हणून सरावात आणले. आजी कधी ऐकते, कधी रुसते.

शरीरप्रतिमेवरचे काम सावकाश झाले. आरशावरचा टॉवेल काढणे, तरी पोट आणि दंड तपासत उभे न राहणे. मोबाइलवरची ज्यांची छायाचित्रे पाहिल्यावर स्वतःची घृणा वाटते अशी खाती बंद करणे. लहान पडलेले, 'कधीतरी होतील' म्हणून राखलेले कपडे कपाटातून हलवणे. शेवटची गोष्ट आईने स्वतःच्याही कपाटात केली.

परिणाम

सहा महिन्यांनंतर ताबा सुटून खाण्याचे प्रसंग महिन्यातून एखाद्यावर आले. मधे एक मोठी घसरण झाली. एका कौटुंबिक समारंभात आत्याने सगळ्यांसमोर "थोडी बारीक झालीस, छान दिसतेस" असे कौतुक केले आणि पुढचे दहा दिवस मुलीने न्याहारी बंद केली. टोमणा सर्वांना ओळखता येतो. पण कौतुकातूनही तोच संदेश जातो, की तुझ्याकडे बघणारे तुझे वजन मोजत आहेत. ही घसरण आठवड्याच्या नोंदींत लगेच दिसली म्हणून लवकर सावरता आली.

वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मुलीची रेषा होती तिथेच राहिली. आईची यावर निराशा झाली आणि ती तिने लपवली नाही. उपचारांचे उद्दिष्ट वजन हे कधीच नव्हते, हे पहिल्या बैठकीत सांगितले होते. तरी ते ऐकणे आणि मान्य करणे यांत अंतर असते. त्या संभाषणातून आईच्या स्वतःच्या खाण्याचा विषय अखेर निघाला आणि ती स्वतःसाठी वेगळ्या समुपदेशकाकडे जाऊ लागली. मुलीच्या प्रगतीइतकेच मी यालाही महत्त्व देतो.

भावाकडे सुरुवातीला कोणाचेच लक्ष नव्हते, आमचेही पुरेसे नव्हते. 'मला भूक नाही' ही त्याची एक ओळ वहीत पडून राहिली. एमी गॅलोवे आणि सहकाऱ्यांच्या २००६ मधील अभ्यासात ज्या मुलांना सूप संपवण्याचा आग्रह केला जात होता, त्यांनी आग्रह नसलेल्या वेळेपेक्षा कमी सूप प्यायले आणि त्याविषयी नापसंतीही अधिक दाखवली. या मुलाचे जेवणावरून लवकर उठणे त्याच्याशी जुळत होते. अलीकडे तो प्रथिनांची पावडर मागू लागला होता आणि दंडाचा घेर फितीने मोजून मोबाइलमध्ये नोंदवत होता. 'अंग धर' हाही शरीराविषयीचाच संदेश आहे. मुलांच्या बाबतीत तो चेष्टेवारी नेला जातो आणि त्यातून निर्माण होणारा त्रास उशिरा ओळखला जातो.

बैठका महिन्यातून एकवर आणताना पुन्हा भेटीला येण्याच्या खुणा लिहून ठरवल्या : लागोपाठ दोन जेवणे टाळणे, लपवून खाणे आठवड्याला एकदा होऊ लागणे, पाळी चुकणे, चक्कर येणे. लक्ष कोणी ठेवायचे, हा प्रश्न मुलीने स्वतः सोडवला. आईने नाही, वडिलांनी विचारावे, तेही पंधरा दिवसांतून एकदा आणि जेवणाच्या टेबलावर नाही, असे ती म्हणाली. आईला हे लागले, पण तिने मान्य केले. वडिलांनी विचारायचे कसे, असे विचारले, तेव्हा मुलीने त्यांना प्रश्नही लिहून दिला. भावासाठी पुढच्या आठवड्याची वेगळी वेळ घेतली आहे; त्या भेटीला त्याच्याबरोबर वडील येणार आहेत.